एकाच वर्षाचे दोन आकडे: छुपी अर्थव्यवस्था मोजतात कशी?

१९७१ साली माजी सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रत्यक्ष कर चौकशी समितीने आपला अंतिम अहवाल दिला. १९६८-६९ या वर्षात देशात साधारण १,४०० कोटी रुपयांच्या उत्पन्नावर कर चुकवला गेला असावा, असा समितीचा अंदाज होता. समितीचेच एक सदस्य, अर्थतज्ज्ञ डॉ. डी. के. रांगणेकर, यांना तो पटला नाही. त्यांनी अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली. त्याच वर्षासाठी त्यांचा आकडा होता २,८३३ कोटी. समिती एक, वर्ष एक, आणि उत्तर थेट दुप्पट.

पुढच्या अर्धशतकात संगणक आले, संख्याशास्त्र कुठल्या कुठे गेलं. २०१९ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीचा बेहिशेबी संपत्तीवरचा अहवाल आला. बेहिशेबी उत्पन्नाचे वेगवेगळे अंदाज जीडीपीच्या ७ टक्क्यांपासून १२० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे दोन टोकांत सतरा पटींचा फरक. दुधाच्या हिशेबात एवढी तफावत निघाली तर आपण गवळी बदलू. इथे मात्र प्रत्येक जण आपल्या सोयीचं टोक धरून भाषण ठोकतो.

आता हे सगळे अभ्यासक अडाणी होते का? मुळीच नाही. जो व्यवहार कुणाला दिसू नये म्हणूनच केला जातो तो मोजायचा, तर त्याच्या मागे राहिलेल्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. कोणती खूण धरायची यावर उत्तर ठरतं. त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: आपण नेमकं मोजतोय काय?

स्टेशनबाहेरची वडापावची गाडी घ्या. नोंदणी नाही, धंदा बराचसा रोखीत, हिशेबाची वही असली तर असली. पण त्याचं वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर तो लपवतोय काय? काहीच नाही. शिवाय तो जीडीपीच्या बाहेरही नाही. सरकारचं सांख्यिकी कार्यालय अशा असंघटित उद्योगांची पाहणी करतं. २०२३-२४ च्या पाहणीत शेतीबाहेरच्या अशा ७.३४ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारे १२ कोटींहून अधिक लोक नोंदले गेले. अशा पाहण्यांवरून दर माणशी उत्पादन काढून ते राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. म्हणजे गाडीवाला अनौपचारिक आहे, पण अदृश्य नाही.

आता तपासणीचे पैसे रोख घेऊन पावती न देणारा डॉक्टर. काम कायदेशीर, सेवा खरी, रुग्ण बरा झाला. फक्त उत्पन्न रिटर्नमध्ये उतरलं नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला छुपी अर्थव्यवस्था म्हणतात त्याचा हा सगळ्यात शुद्ध नमुना: कायदेशीर उत्पादन, कर किंवा नियम चुकवण्यासाठी लपवलेलं.

तिसरं उदाहरण आपल्या जास्त परिचयाचं. जुना फ्लॅट विकायचाय. सौदा ऐंशी लाखांना ठरला, अॅग्रीमेंट रेडी रेकनरच्या आसपास साठ लाखांचं केलं, वरचे वीस लाख कॅश. काळा पैसा म्हटलं की शहरातल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो हाच व्यवहार. पण गंमत अशी की हे वीस लाख छुप्या अर्थव्यवस्थेच्या काटेकोर व्याख्येत बसतच नाहीत. जुना फ्लॅट हातोहात फिरला, नवं काही तयार झालं नाही. अख्खे ऐंशी लाख चेकने दिले असते तरी जीडीपीत फार तर दलालाची आणि वकिलाची फी आली असती. विकणाऱ्याने भांडवली नफ्यावरचा कर चुकवला, घेणाऱ्याने मुद्रांक शुल्क वाचवलं, आणि घेणाऱ्याजवळची दोन नंबरची रोकड विकणाऱ्याच्या कपाटात गेली. सरकारचं नुकसान खरं आहे, गुन्हाही खरा आहे. पण लपवलेलं उत्पादन शून्य. लाचेचंही तसंच. एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले, देशाच्या उत्पादनात काडीची भर नाही.

चौथा गट बेकायदा धंद्यांचा: अमली पदार्थ, तस्करी. हे जीडीपीत धरायचं की नाही? युरोपीय संघाने २०१४ पासून आपल्या सदस्य देशांना अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसाय यांचे अंदाज राष्ट्रीय हिशेबात धरायला लावले. ब्रिटनमध्ये ही भर साधारण १० अब्ज पौंडांची निघाली. इटलीने तर त्याआधीच, १९८७ मध्ये, छुप्या व्यवहारांचा अंदाज आपल्या आकडेवारीत मिसळला होता. जीडीपी सुमारे १८ टक्क्यांनी फुगला आणि इटली ब्रिटनच्या पुढे गेल्याचं जाहीर झालं. कारखान्यातून एक स्कूटर जास्त बाहेर पडली नव्हती. रोममध्ये मात्र जल्लोष.

आणखी एक घोळ आपल्याकडच्या चर्चेत कायम असतो. दरवर्षी लपवलं जाणारं उत्पन्न वेगळं आणि वर्षानुवर्षं साठलेली संपत्ती वेगळी. पहिलं वार्षिक असतं, दुसरं साठलेलं. साठा जीडीपीच्या १२० टक्के असू शकतो, त्यात आश्चर्य नाही. दोघांची सरमिसळ झाली की ७ आणि १२० हे आकडे एकाच वाक्यात येऊन बसतात.

आता मोजण्याच्या तऱ्हा. सगळ्यात जुनी आणि समजायला सोपी आहे ती वजाबाकी. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर १९५६ मध्ये भारतात आले, कररचनेवर अहवाल लिहिला. त्यांचा विचार असा: पगारदाराचं उत्पन्न लपत नाही, ते बाजूला ठेवा. बाकीच्या क्षेत्रांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबानुसार करपात्र उत्पन्न किती असायला हवं ते काढा. त्यातून प्राप्तिकर खात्याकडे प्रत्यक्ष आकारणी झालेलं उत्पन्न वजा करा. उरेल ते बुडालेलं. १९५३-५४ साठी हे उत्तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ६ टक्के आलं. वांछू समितीने थोडेफार बदल करून हाच मार्ग धरला आणि रांगणेकरांनी गृहीतकं बदलल्याबरोबर आकडा दुप्पट झाला. कारण व्यापारातल्या किंवा वाहतुकीतल्या एकूण उत्पन्नापैकी किती हिस्सा करपात्र मर्यादेच्या वरच्या लोकांचा, हे कुणीतरी अंदाजानेच ठरवावं लागतं. दुसरी अडचण मुळातलीच आहे. ज्याने कारखान्यातला मालच वहीवर घेतला नाही, त्याचं उत्पादन राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यातूनही निसटलेलं असतं. मग वजाबाकी करून ते हाती लागणार कसं?

दुसरी तऱ्हा रोकडीची. लपवायचं तर रोखीत, म्हणून नोटा मोजा. अमेरिकेत १९७७ मध्ये पीटर गुटमान यांनी हे गणित मांडलं आणि खळबळ उडवली. पुढे विटो टान्झी यांनी त्यात कराचा बोजा आणून ते सुधारलं. लोकांजवळच्या रोकडीचं प्रमाण व्याजदर, उत्पन्न, पगार देण्याची पद्धत अशा नेहमीच्या कारणांनी किती असायला हवं ते काढायचं. त्याहून जास्त रोकड करवाढीबरोबर वाढत असेल, तर ती छुप्या व्यवहारांची. पण सुरुवात कुठून करायची? एखादं वर्ष असं धरावं लागतं की तेव्हा छुपे व्यवहार नव्हतेच. असं वर्ष कोणत्या देशात होऊन गेलं, हे ज्याचं त्याने ठरवावं! शिवाय डॉलरच्या नोटांचा मोठा हिस्सा अमेरिकेबाहेरच फिरतो. त्या नोटांमुळे अमेरिकेतली छुपी अर्थव्यवस्था उगाच फुगते.

याच घराण्यातली एक पद्धत एडगर फायगे यांची. तिच्यात नोटांची संख्या पुरत नाही. एक नोट फाटेपर्यंत किती हात बदलते याचाही हिशेब करून देशातले एकूण व्यवहार काढतात. पूनम गुप्ता आणि संजीव गुप्ता यांनी १९८२ मध्ये ती भारताला लावली. १९६७-६८ मध्ये साधारण साडेनऊ टक्के असलेली बेहिशेबी अर्थव्यवस्था १९७८-७९ पर्यंत जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेली, असं उत्तर आलं. तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय लोकवित्त आणि धोरण संस्थेने शंकर आचार्य यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास केला. त्यांनी व्याख्या मुद्दाम आवळली: करपात्र असून कर खात्याला न सांगितलेलं उत्पन्न, एवढंच. १९८३-८४ साठी उत्तर आलं ३१,५८४ ते ३६,७८६ कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या साधारण १९ ते २१ टक्के. चार-पाच वर्षांत छुपी अर्थव्यवस्था निम्म्याहून खाली आली असं समजायचं का? कुणीच तसं समजलं नाही. मोजपट्टी बदलली होती. मला या दुसऱ्या अहवालातली एक गोष्ट आवडते: त्यांनी एक आकडा दिला नाही, पट्टा दिला. या विषयात एक आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच बघावं.

विजेवरूनही अंदाज बांधतात. कारखाना वहीत दिसला नाही तरी वीज ओढतोच, म्हणून सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या देशांत ही पद्धत चांगली चालली. आपल्याकडे ज्या राज्यांत शेतीपंपांची वीज मीटरविना अंदाजाने धरतात आणि आकडे टाकून वीज घेणं सर्रास चालतं, तिथे हा मार्ग फार दूर जात नाही.

वर्तमानपत्रांत ‘अमुक देशाची छुपी अर्थव्यवस्था इतके टक्के’ असं आज वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा एका वेगळ्याच पद्धतीतून आलेलं असतं. तिचं इंग्रजी लघुनाम मिमिक. ऑस्ट्रियात काम करणारे फ्रीड्रिश श्नायडर यांनी ती जगभर नेली. नाणेनिधीसाठी लिआंद्रो मेदिना यांच्याबरोबर त्यांनी २०१८ मध्ये १५८ देशांचे १९९१ ते २०१५ या काळाचे अंदाज काढले. सरासरी ३१.९ टक्के. स्वित्झर्लंड तळाशी, ७ टक्क्यांच्या आसपास. झिम्बाब्वे आणि बोलिव्हिया वरच्या टोकाला, ६० टक्क्यांच्या पुढे.

ही पद्धत जरा नीट बघू. छुपी अर्थव्यवस्था थेट दिसत नाही हे मान्यच करायचं. मग तिच्या एका बाजूला कारणं मांडायची: कराचा बोजा, नियमांचं ओझं, बेरोजगारी, स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण, सरकारी कारभाराचा दर्जा. दुसऱ्या बाजूला परिणाम मांडायचे: लोकांजवळची रोकड, कामगारांचं प्रमाण, जीडीपीची वाढ. मेदिना आणि श्नायडर यांनी जीडीपीच्या जागी उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवेही वापरून पाहिले, कारण जीडीपीतच लपवाछपवी असते, दिव्यांत ती करता येत नाही. कारणं आणि परिणाम यांना जोडणारी मधली न दिसणारी गोष्ट संख्याशास्त्राने काढायची.

इथे एक मेख आहे. या गणितातून येतो तो फक्त चढउतार: गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, या देशात त्या देशापेक्षा जास्त की कमी. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा पाणी चढलं की उतरलं ते दाखवतो, टाकी किती लिटरची हे त्याला ठाऊक नसतं. टक्के हवे असतील तर एखाद्या वर्षाचा आकडा बाहेरून, दुसऱ्या पद्धतीतून, उसना आणावा लागतो. तो बहुतेकदा रोकडीच्या पद्धतीतून येतो. म्हणजे गुटमान-टान्झी यांच्या गृहीतकांवर घेतलेले सगळे आक्षेप मागच्या दाराने आत येतात. ऑस्ट्रेलियन अर्थमितीतज्ज्ञ ट्रेव्हर ब्रॉइश यांनी या पद्धतीची हाडं मोकळी केली आहेत. आकडे कोणत्या एककात घेतले, कसे जुळवले, यावरही निकाल हलतो, हे त्यांनी दाखवलं.

त्याहून खटकतं ते दुसरंच. कर जास्त असले की छुपी अर्थव्यवस्था वाढते, हे गणितात घालूनच आकडा काढलेला असतो. मग तो आकडा दाखवून कुणी म्हणालं, ‘बघा, करामुळेच छुपी अर्थव्यवस्था वाढली’, तर तो पुरावा झाला नाही. आपणच पेरलेलं आपणच कापलं.

मला यापेक्षा लहान, खालून वर जाणारी मोजमापं जास्त भरवशाची वाटतात. १९८९ मध्ये ख्रिस्तोफर पिसारिदेस आणि गुलिएल्मो वेबर यांनी ब्रिटनमधल्या घरखर्चाच्या पाहणीवरून एक युक्ती केली. (पिसारिदेस यांना पुढे २०१० मध्ये दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं.) माणूस पाहणी करणाऱ्याला उत्पन्न कमी सांगेल, पण किराण्यावर किती खर्च होतो हे लपवायचं त्याला सुचतही नाही. पगारदार घरात अमुक उत्पन्नाला अन्नावर किती खर्च होतो ते काढा. आता धंदेवाल्याच्या घरात तेवढाच खर्च दिसला, पण सांगितलेलं उत्पन्न बरंच कमी असलं, तर मधला फरक लपवलेला. त्यांच्या हिशेबाने स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं खरं उत्पन्न सांगितलेल्याच्या सरासरी १.५५ पट निघालं. अख्ख्या ब्रिटनच्या जीडीपीच्या भाषेत हे साधारण साडेपाच टक्के. आकडा छोटा आणि नीरस. त्याची बातमी होत नाही.

ग्रीसमधल्या बँकांनी तर हे काम अभ्यासकांच्या आधीच करून ठेवलं होतं. तिथे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, खासगी शिकवण्या घेणारे यांचं रिटर्नमधलं उत्पन्न खोटं असतं, हे कर्ज देणाऱ्या बँकांना पक्कं ठाऊक. म्हणून बँका कागदावरच्या उत्पन्नाऐवजी आपल्या अंदाजाने कर्ज देत. अर्टावानिस, मोर्स आणि त्सुत्सुरा या तिघांनी एका मोठ्या बँकेच्या कर्जाच्या नोंदी घेतल्या. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या कर्जदारांचे हप्ते त्यांच्या जाहीर उत्पन्नाच्या सरासरी ८२ टक्के होते. महिन्याला लाख मिळतात आणि ब्याऐंशी हजार हप्त्यात जातात, असा माणूस जगेल कशावर? आणि कुठली शहाणी बँक त्याला कर्ज देईल? बँक देत होती, कारण तिला खरं उत्पन्न माहीत होतं. त्यावरून २००९ या एका वर्षात या वर्गाने २८ अब्ज युरोचं उत्पन्न लपवल्याचा हिशेब निघाला. आपल्याकडे ‘रिटर्न कमी दाखवलंय, आता होम लोन बसत नाही’ असं सीएच्या केबिनमध्ये बसून कुरकुरणारा दुकानदार त्यांच्या प्रबंधात सहज शोभला असता.

अथेन्सच्या श्रीमंत उपनगरांची गोष्ट तर त्याहून रंगतदार. पोहण्याचे तलाव असल्याचं ३२४ जणांनी जाहीर केलं होतं. कर अधिकाऱ्यांनी उपग्रहाची चित्रं पाहिली तर तलाव निघाले १६,९७४.

कारणांकडे वळताना मी हीच लहान मोजमापं हाताशी ठेवतो. लोकप्रिय उत्तर असं की कर जास्त म्हणून लोक चुकवतात. त्यात तथ्य आहे. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे सर्वात वरच्या टप्प्यावर प्राप्तिकर, अधिभारासह, ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात येणार असतील तर उरलेलं दाखवायला माणूस संतच हवा. वांछू समितीनेच हे दर खाली आणायला सांगितलं आणि पुढे ते आलेही. पण आजचे दर त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि तरी वरची कॅश काही गेलेली नाही.

नियमच छुपा बाजार कसा जन्माला घालतात, याचं उत्तम उदाहरण मुंबईची पागडी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच. गिरगाव-दादरच्या चाळीतल्या खोलीची खरी किंमत आणि तिचं भाडं यांत इतकी दरी पडली की तो फरक कुठेतरी वसूल होणारच होता. भाडेकरू खोली सोडताना नवा भाडेकरू रोख पागडी द्यायचा, त्यातला वाटा मालकाला. हे घेणं गुन्हा होता आणि सगळी मुंबई ते करत होती. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याने पागडी घ्यायला कायद्याची मुभा दिली. आदल्या दिवशी जो व्यवहार काळा होता, तो दुसऱ्या दिवशी पावती देऊन करता येऊ लागला. खोली तीच, माणसंही तीच.

उलट दिशेने, सवलतीही लपायला जागा देतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. ते तसं असावं का, हा वेगळा वाद. पण दुसरीकडून आलेली कमाई पांढरी करायला ‘शेतीचं उत्पन्न दाखवा’ हा सल्ला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ऐकायला मिळेल. इथे तर लपवणंच नाही, उलट नसलेलं उत्पादन कागदावर उगवतं. कॅल्डॉरच्या वजाबाकीला हे कसं सापडणार?

तरी सगळ्यात मोठं कारण मला वेगळंच वाटतं, आणि ते डेन्मार्कमध्ये मोजलं गेलं. हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कर खात्याबरोबर चाळीस हजारांवर करदात्यांची चाचणी घेतली. अर्ध्या लोकांची, चिठ्ठी टाकून निवडावं तशी, कसून तपासणी केली. जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर कर खात्याला कळवते त्यात चोरी जवळपास शून्य. जे माणूस स्वतःच सांगतो त्यात सुमारे ४० टक्के लपवलेलं. देश तोच, कर तेवढाच जबर, नागरिक तितकेच सज्जन. अमेरिकेच्या कर खात्याचा अनुभवही हाच: पगारात चुकवेगिरी साधारण १ टक्का, जिथे तिसरा कुणी कळवत नाही तिथे ५५ टक्के. म्हणजे नोकरदार प्रामाणिक आणि व्यापारी लबाड, असं नाही. नोकरदाराचा टीडीएस कापून जातो. त्याला लबाडी करायची सोयच नाही. आमच्यासारख्या पगारदारांनी या बाबतीत फार कॉलर ताठ करू नये.

जीएसटीची रचना याच तत्त्वावर उभी आहे. घाऊक व्यापाऱ्याने बिल दिलं तरच किरकोळ दुकानदाराला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून घेणारा देणाऱ्यावर लक्ष ठेवतो. साखळी तुटते ती शेवटच्या कडीला. बाथरूमच्या टाइल्स घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, ‘बिल पाहिजे का? लागणार असेल तर १८ टक्के वर.’ नको म्हटलं की हातात येतो तो ‘एस्टिमेट’ असं छापलेला कागद. त्यावर मालाचं नाव, नग, दर, बेरीज सगळं असतं, फक्त जीएसटी क्रमांक नसतो. तुम्हाला वजावट घ्यायची नाही, त्यामुळे पक्क्या बिलाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. चिलीमध्ये दिना पोमेरान्झ यांनी कंपन्यांना कर खात्याची ताकीदपत्रं पाठवून हेच तपासलं. पत्राचा परिणाम दिसला तो मुख्यतः ग्राहकाला थेट होणाऱ्या विक्रीत. कंपन्यांच्या आपापसातल्या व्यवहारांत बिलांची साखळीच पहारा देत होती. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने मग ग्राहकालाच बिल मागण्याबद्दल पैसे आणि लॉटरी देऊ केली, आणि तिथल्या दुकानांची जाहीर विक्री चार वर्षांत सुमारे २१ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडेही १ सप्टेंबर २०२३ पासून काही मोजक्या राज्यांत बिलांची सोडत सुरू झाली. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता.

या सगळ्यानंतर नोटबंदीकडे पाहिलं की तिच्यामागचं गृहीतक स्पष्ट दिसतं. काळा पैसा म्हणजे नोटांची थप्पी, हे ते गृहीतक. ८ नोव्हेंबर २०१६ ला १५.४१ लाख कोटींच्या नोटा बाद झाल्या, त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या, म्हणजे ९९.३ टक्के, परत आल्या. परत आलेल्या सगळ्या नोटा पांढऱ्या होत्या असा याचा अर्थ नाही. पण छुपं उत्पन्न हे दरवर्षी नव्याने तयार होतं आणि साठतं ते जमिनीत, सोन्यात, फ्लॅटमध्ये. थप्पीवर घाव घातल्याने वार्षिक ओघ आटत नाही. नोटबंदीच्या तोंडावर चलनात साधारण १८ लाख कोटींच्या नोटा होत्या. मार्च २०२५ अखेर त्या ३७ लाख कोटींच्या घरात होत्या. त्याच काळात यूपीआय भाजीवाल्यापर्यंत पोचलं. रोकडही वाढली, डिजिटल व्यवहारही वाढले. टान्झींच्या गणिताला यातून काय सांगायचं?

आणि यूपीआयने मोजणाऱ्यांना एक नवीच खूण दिली. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या उलाढालीवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. मालाची विक्री करणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, आणि यांच्या खात्यांत त्याहून जास्त आलेले दिसत होते. नोटिसा मिळालेल्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते, ज्यांच्या मालावर जीएसटीच नाही. उलाढाल मोठी, नफा रुपयामागे काही पैसे, कर शून्य. खात्याच्या संगणकाला मात्र सगळे सारखेच दिसत होते. बंगळूरमधल्या काही दुकानांवर आठवड्याभरात क्यूआर कोडच्या जागी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. त्या वर्षी तिथली वाढलेली रोकड मोजून उद्या कुणी छुपी अर्थव्यवस्था किती वाढली ते काढेल, तेव्हा त्या आकड्यात करमाफ दूध विकणाऱ्याची रोकडही धरली जाईल.